एका वाद्याला दोन माणसं

अण्णांची खानापूरला बदली झाली, तेव्हा बेळगावच्या कचेरीतल्या मंडळींनी त्यांना हार घातला, पेढा भरवला आणि पाठ वळताच "बिचारा" म्हणून मोकळे झाले. अण्णा म्हणजे माझे वडील. मामलेदार कचेरीत ते कारकून होते, आणि वरच्या साहेबापुढं एकदा खरं बोलण्याची चूक त्यांच्या हातून झाली होती. त्या काळी आमच्या भागात माणसाला शिक्षा करायला तुरुंगाची गरज नसे, खानापूरला धाडलं की काम भागायचं. खानापुरात तीन गोष्टी मुबलक. सागवान, भात आणि हिवताप. सागवान सरकार न्यायचं, भात सावकार न्यायचा, हिवताप तेवढा गावाला ठेवून दिलेला होता. आम्हाला जाऊन महिना झाला नसेल, तोवर आमचाही त्यात वाटा पडला.

तापालाही तिथं हुद्दा असायचा. कुणब्याला यायचा तो ताप, शिपायाला यायचा तोही ताप, पण कारकुनाला यायची ती 'कसर'. अण्णा कचेरीतून यायचे ते डोळे लाल, पाय लटपटताहेत, दातांवर दात आपटताहेत, आणि आईला सांगायचे, "जरा कसर आहे, पाणी गरम ठेव." मामलेदारसाहेबांना कसरदेखील येत नसे. त्यांना विश्रांतीची गरज भासायची. एकच रोग, एकाच गावात, एकाच डासाच्या कृपेनं, पण ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणं नाव घेऊन यायचा. पुढं आयुष्यात मी बरीच कार्यालयं पाहिली, पण रोगाला बढती मिळालेली तिथंच पाहिली.

माझा ताप पाळीचा, दिवसाआडचा. आज आला की उद्या सुट्टी, परवा पुन्हा हजर. बेळगावकडून येणारी संध्याकाळची गाडी शिटी द्यायची आणि माझ्या पाठीच्या कण्यातून गार पाणी सोडल्यागत व्हायचं. गाडीला उशीर होई, तापाला कधी झाला नाही. आधी हुडहुडी, मग फणफण, मग घामानं अंथरूण ओलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाण्यासारखा पेज पीत बसलेला. डाव्या बरगडीखाली पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती, आणि येणारा-जाणारा रामराम करायच्या आधी माझ्या पोटाला हात लावून ती केवढी झाली ते बघायचा. मॅट्रिकच्या गणिताच्या आदल्या संध्याकाळी ताप आला म्हणून मी गणितात पडलो. दुसऱ्या वर्षी आला नाही, तरीही पडलो, पण ही गोष्ट मी घरात कुणाच्या फारशी लक्षात येऊ दिली नाही.

घराला तेव्हा कायम काढ्याचा वास असायचा. काडेचिराईत, गुळवेल, सुंठ हे सगळं आई सकाळपासून उकळत ठेवायची, आणि त्या वासातच आमचा भात शिजायचा, त्या वासातच आक्काला बघायला पाहुणे यायचे. खानापूरचा तो लालसर तांदूळ, त्याची दाट पेज, वर मीठ आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. अजून कधी तोंडाची चव गेली की मी सूनबाईकडे तेच मागतो, आणि ती करते ते चांगलंच असतं, पण काढ्याच्या वासाशिवाय त्याला काही मजा नाही. उपायांना तर गणतीच नव्हती. शेजारच्या गंगाकाकूंनी रामबाण सांगितला तो असा की तापाला दारातच फसवायचं, कोळशानं दारावर 'उद्या ये' असं लिहून ठेवायचं. पण ताप मराठी वाचतो की कानडी, याची खात्री कुणालाच नव्हती, म्हणून काकूंनी दोन्ही भाषांत लिहून घेतलं. ताप दोन्ही भाषा जाणणारा निघाला. आज यायचा तो खरोखरच उद्या आला आणि तिथून माझी पाळी एका दिवसानं पुढं सरकली, एवढाच काय तो गुण. पुढं आमच्या या मुलखात पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून डोकी फुटायला लागली, तेव्हा मला नेहमी गंगाकाकूंचं दार आठवायचं.

पाळीच्या दिवशी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत निजवायचे आणि दार ओढून घ्यायचे. आक्काचं लग्न जमायचं होतं, घरात एक पोरगा दिवसाआड कापतो हे पाहुण्यांना कळून चालणार नव्हतं. आईच्या डोळ्यांत पाणी असायचं, पण दार ओढताना तिचा हात थांबत नसे. मी आत पडून बाहेरचे आवाज ऐकायचो. लाकडाच्या गाड्यांची करकर, कचेरीची घंटा, आणि दिवेलागणीला पलीकडच्या मारुतीच्या देवळातला पखवाज. माझ्या वयाची बेळगावची पोरं तेव्हा कॉलेजात गेली होती, सभांना जात होती, कुणी सत्याग्रहात जाऊन आलं होतं. मी सतराव्या वर्षी एका दाराआड पडून दुसऱ्यांचा पखवाज ऐकत होतो. मला त्याची लाज वाटायची, आणि राग त्याहून जास्त यायचा.

एक दिवस आईनं टपालात पत्र टाकायला पाठवलं आणि मी रस्त्यात रेंगाळलो. गाडीची शिटी ऐकली तेव्हा मी देवळासमोर होतो. पाय पुढं पडेनात. देवळाच्या कट्ट्यावर मी कसाबसा टेकलो आणि कापायला लागलो, तोच माझ्या अंगावर धप्पकन काहीतरी जड पडलं. मेंढराचा वास असलेली घोंगडी होती ती. टाकणारा माणूस म्हणजे भरमाप्पा, चार एकर भाताचा धनी आणि देवळातल्या भजनी मंडळाचा म्होरक्या. आमच्या बेळगावात नवा माणूस भेटला की आधी विचारतात, "तुम्ही कुणाचे?" मग गाव, मग आडनाव, आणि त्यावरून पाट द्यायचा की पायरी हे ठरतं. भरमाप्पानं यातलं काही विचारलं नाही. घोंगडी नीट दाबत तो म्हणाला, "तुझी पाळी कुठली रं?"

काल नव्हता, आज आहे, असं मी दातांमधून कसंबसं सांगितलं. त्यानं बोटांवर मोजलं, मागं वळून कुणाला तरी हाक मारली आणि म्हणाला, "परशा, तुज्या उलटी हाय बघ ह्याची. झालं की काम." मग मला विचारलं, "गळा हाय का?" ठाऊक नाही म्हटलं. तो म्हणाला, "असंल, असंल. उद्या तुला ताप न्हाय, उद्या ये." दारावर लिहिलेलं तेच वाक्य, पण या वेळी मी ते पाळलं.

त्या मंडळाची रीत मी जन्मात दुसरीकडं पाहिली नाही. तिथं टाळकऱ्यापासून पेटीवाल्यापर्यंत एकूणएक हिवतापाचा धनी. भजन रोज दिवेलागणीला, जेवणापर्यंत, खंड पडू द्यायचा नाही हा मारुतीला दिलेला शब्द. मग करायचं काय? तर एका वाद्याला दोन माणसं, आणि दोघांच्या पाळ्या एकमेकांच्या उलट. पेटीला दोघं, पखवाजाला दोघं, पुढं म्हणणाऱ्या जागेला दोघं. कुणाला कधी हुडहुडी भरणार हे भरमाप्पाला भटजीच्या पंचांगापेक्षा पक्कं ठाऊक. आणि ज्याची पाळी असेल त्यानं घरी पडून राहायचं नाही. त्यानंही यायचं, भिंतीकडेला घोंगडीखाली निजायचं, जमेल तसं ध्रुवपद म्हणायचं. खुद्द भरमाप्पाला दर चौथ्या दिवशी ताप यायचा, तेव्हा तो घोंगडीतून एक पाय बाहेर काढून त्या पायानं ताल दाखवायचा. पाय चुकला नाही कधी, बाकीचा भरमाप्पा मात्र वेडावाकडा हलत असायचा.

पुढं म्हणायच्या जागेला माझा जोडीदार परशराम शिंपी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी परसूदादा म्हणायचो. बायको बाळंतपणात गेलेली, घरी एकटा, दुकान म्हणजे एक फळी आणि एक यंत्र. तापानं हात थरथरायला लागल्यापासून लोक त्याच्याकडं फक्त ठिगळं लावायला कपडे आणायचे. पण देवळात उभा राहिला की त्याचा आवाज असा सरळ जायचा की त्यात कुठं थरथर सापडायची नाही. त्यानंच मला शिकवलं. त्याच्या पाळीला मी म्हणायचं आणि त्यानं घोंगडीखालून माझ्या चुकांवर खोकायचं, माझ्या पाळीला त्यानं म्हणायचं आणि मी ऐकत शिकायचं. सहा महिन्यांत मला माझा गळा सापडला. मागच्या खोलीचं दार आईनं ओढायचं बंद केलं, कारण आत निजायला मी नसायचोच. घरी गेलो की अंगाला मेंढराचा आणि तंबाखूचा वास यायचा, आई सोवळ्याच्या नावानं दोन शब्द बोलायची आणि मग गरम पेज वाढायची.

एका घोंगडीखाली आम्ही तिघं-तिघं निजायचो आणि तिघांच्या तीन जाती असायच्या. त्या घोंगडीला जात नव्हती असं लिहायचा मोह मला झाला होता, पण खोटं कशाला लिहू? घोंगडी उंबऱ्यापर्यंतच जायची. बाहेर पायरीवर सटवा म्हणून एक जण बसायचा, त्याला तोच ताप, टाळही स्वतःचा, आणि आत या असं त्याला कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. आम्ही सगळे मोठे भक्त होतो.

एका वाद्याला दोन माणसं हा नियम भरमाप्पा कसोशीनं का पाळायचा, ते मला नंतर कळलं. मी यायच्या आधी पखवाजाला नागोजी आणि लाकडाच्या डेपोतला एक मुकादम अशी जोडी होती. मुकादमाला त्याच्या साहेबानं कोयनेल, म्हणजे क्विनीन, दिलं आणि तो बरा झाला. मग तो रोजच वाजवायला लागला. रोज वाजवणारा असताना दिवसाआडच्याची कुणाला गरज? नागोजीला कुणी येऊ नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. काही दिवस तो देवळाच्या भिंतीला टेकून आपल्या गुडघ्यांवर वाजवत बसला, मग यायचा बंद झाला, आणि पावसाळ्यात गेला. कचेरीच्या रजिस्टरात मरणाचं कारण 'ताप' असं लिहिलं. ते अण्णांनीच लिहिलं होतं. पुढं मुकादमाचीही बदली झाली आणि नवा जोडीदार घेऊन पखवाज भरमाप्पाला स्वतःच्या मांडीवर घ्यावा लागला.

माझा ताप घालवायचं पुण्य मामाच्या वाट्याला आलं. मामा बेळगावात खासबागेत राहायचा, आणि आपला भाचा रानात कुणब्यांबरोबर टाळ कुटतो हे त्याच्या जिवाला लागलं होतं. मॅट्रिकची तिसरी वारी आणि तापावर इलाज, अशा दोन्ही कामांसाठी त्यानं मला तीन महिने नेऊन ठेवलं. डॉक्टर बूट-मोजेवाले होते. त्यांनी माझी पांथरी दाबली, जीभ पाहिली आणि कोयनेल सुरू केलं. इतकं कडू की त्यापुढं आईचा काढा म्हणजे बासुंदी. कानात रात्रंदिवस कुणी तंबोरा लावून बसल्यासारखं गुंगायचं. मामाकडं रविवारी गाणं ऐकणाऱ्यांची बैठक असायची, सगळे उपरणंवाले, मान हलवण्यात तरबेज. त्यांनी एकदा मला म्हणायला लावलं. मी म्हटलं, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि एक जण मामाला हसून म्हणाला, "भजनाला ठीक आहे." त्या घरात मला कुणी वाईट वागवलं नाही. पण तीन महिन्यांत माझी पाळी कुठली हेही कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी शेवटी मामाच्या हातात कागद दिला की मुलगा पूर्ण बरा. मी मॅट्रिकही झालो, काठावर.

कुंद्याचा डबा घेऊन, गालावर मांस चढवून मी खानापूरला परतलो आणि त्याच संध्याकाळी देवळात गेलो. ताप गेला असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सगळ्यांनी बरं झालं, बरं झालं म्हटलं, कुंदा खाल्ला. मग परसूदादानं हातातला टाळ माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "आता रोज तूच की. माजी कशाला फुकट लुडबुड?" तो हसत होता. भरमाप्पा माझ्याकडं बघत नव्हता, तो भिंतीकडं, नागोजी टेकायचा त्या जागेकडं बघत होता. मी बरा झालो होतो आणि त्यापायी एका माणसाला दाराबाहेर काढायला निघालो होतो.

त्या दिवशी मी गळा बसलाय म्हणून सुटका करून घेतली. दुसरा दिवस माझ्या जुन्या पाळीचा. मी देवळात बसलेलो, परसूदादा कडेला, पुढं म्हणायला कुणी उठेना. तेवढ्यात गाडीनं शिटी दिली. मी काही ठरवून केलं नाही, पण माझे दात वाजायला लागले. म्हणजे मीच ते वाजवले. खांदे हलवले, गुडघे पोटाशी घेतले आणि म्हणालो, "आली बहुतेक." मग परसूदादानं आपली घोंगडी माझ्यावर टाकली, माझ्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि उठून टाळ घेतला. त्या दिवशी तो जसा म्हणाला तसा मी त्याला कधी ऐकला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. दिवसाआड मी देवळात आजारी आणि घरी ठणठणीत. उन्हं तापायला लागली तरी मी घोंगडीखाली, घामानं चिंब, आणि मनात खूश, की घाम तर खऱ्या तापातही येतो, कुणाला काय कळतंय! नट म्हणून मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता. पण गाव लहान. अण्णांना कचेरीत कुणीतरी हळहळून म्हणालं की तुमच्या पोराला अजून थंडी सुटली नाही म्हणे. अण्णा भडकले. त्यांनी बेळगावच्या डॉक्टरांना कारकुनी भाषेत दोन पानी तक्रार लिहिली. डॉक्टरांचं उत्तर आलं की आपल्या पाल्यास ताप येणं शक्य नाही, तरीही येत असल्यास सोबतची पूड दुप्पट द्यावी. आली की पंचाईत! ताप नाही म्हणावं तर देवळातलं सोंग उघडं पडतं, आहे म्हणावं तर कोयनेल. मी कोयनेल घेतलं. नसलेल्या तापासाठी ते कडू जहर अण्णा समोर उभं राहून पाजायचे, आणि कानातला तंबोरा पुन्हा सुरू झाला. आता डॉक्टर मला रक्तदाबाच्या गोळ्या देतात आणि विचारतात की नेमानं घेता ना, तेव्हा मला हसू येतं.

त्या वर्षी उचगावच्या जत्रेत भजनाची चढाओढ ठेवली होती आणि आमच्या मंडळाला बोलावणं आलं. असं पहिल्यांदाच घडलं. भरमाप्पानं बोटांवर मोजलं. जत्रेच्या दिवशी माझी पाळी, परसूदादा मोकळा. म्हणजे पुढं परसूदादा म्हणणार. त्यानं स्वतःसाठी नवा सदरा शिवला, थरथरत्या हातानं, चार दिवस घालवून. आम्ही आगगाडीनं बेळगावला आणि तिथून बैलगाडीनं उचगावला गेलो. मांडवात भरल्या अंगाची, तुरेवाल्या फेट्यांची मंडळं बसलेली. आमचे पिवळे चेहरे आणि पुढं आलेली पोटं बघून लोक खुसखुसायला लागले. आमचा नंबर नेमका दिवेलागणीला आला. भजन म्हणणाऱ्यांच्या मागं भरमाप्पानं शांतपणे घोंगड्या अंथरल्या, पाळीवाला पेटीकरी एकीत आणि मी दुसरीत निजलो, तेव्हा तर मांडवभर हशा पिकला. "खानापूरचा दवाखाना आलाय रं," असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पहिला अभंग परसूदादानं सरळ, सुंदर म्हटला. हसणारे गप्प झाले. दुसऱ्याच्या दुसऱ्या कडव्यात त्याचा शब्द तुटला. मी घोंगडीची कड उचलून बघितलं. त्यानं मांडवाचा खांब धरला होता आणि नव्या सदऱ्याची पाठ हलत होती. ताप पाळी मोडून आला होता. प्रवासाची दगदग म्हणा, की तापाचा आडमुठेपणा. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा दात वाजले, पखवाज आणि टाळ नुसतेच चालले आणि हशा परत सुरू झाला.

मी घोंगडीखाली तसाच. उठलो तर सोंग उघडं पडणार, परसूदादाच्या जागी म्हणायला धडधाकट माणूस हजर आहे हे सगळ्यांना दिसणार, आणि उद्यापासून तो नागोजीच्या जागेवर. नाही उठलो तर तो इथंच, एवढ्या लोकांच्या हसण्यात, नव्या सदऱ्यात, कोसळणार. मी भ्यालो होतो, दुसरा शब्द नाही त्याला. मला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त माझ्यासाठी वाटत होतं, कारण लबाड ठरलो तर ते देऊळही माझं राहणार नव्हतं. कुणीतरी हसत परसूदादाच्या कापण्याची नक्कल केली तेव्हा मी उठलो. "मेलेलं उठलं रं," असा आवाज आला. मी माझी घोंगडी परसूदादाच्या खांद्यावर टाकली, त्याला खाली बसवलं, हातातला टाळ घेतला आणि शब्द तुटला होता तिथून उचलला. चांगलं म्हटलं की वाईट, ठाऊक नाही. शेवटपर्यंत म्हटलं. बक्षीस उचगावच्याच मंडळाला मिळालं, कारण निकाल देणारे पाटील त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून स्टेशनाकडं परतताना परसूदादा मोकळा झाला होता, गुडघ्यांवर हात ठेवून बाहेर बघत बसलेला. मला ते सोसेना. मी म्हणालो, "मला ताप येत नाही. बेळगावाहून आल्यापासून एकदाही आला नाही." एवढं बोलायला मला माझं सगळं धैर्य लागलं होतं. भरमाप्पानं पान चघळत माझ्याकडं बघितलं.

"म्हायती हाय की."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं." त्यानं गाडीबाहेर पिंक टाकली. "खरी हुडहुडी भरल्यावर माणूस कसा बी कापतोय. कवा दात, कवा गुडघं, कशाचा कशाला मेळ न्हाय. तू पखवाजाच्या ठेक्यात कापत हुतास, शिरपा. समेवर आलं की जोरात."

गाडीतले सगळे हसायला लागले. पेटीकरी तर डोळे पुसत होता. माझे कान तापले. इतके महिने हे सगळे माझं नाटक बघत होते, माझ्यावर घोंगडी घालत होते, वर तब्येत विचारत होते! कोयनेलाची ती सगळी पूड माझ्या जिभेवर परत आली. मी चिडून विचारलं की मग मला हाकललं का नाही. भरमाप्पा म्हणाला, "खरी थंडी असणारी गावात लई हायेत रं. खोटी घिऊन आमच्यात ऱ्हाणारा तू एकटाच. तुला कशापायी हाकलू?"

परसूदादा बाहेरच बघत होता. तसाच बघत तो म्हणाला, "माज्यापायी कोयनेल खाल्लास व्हय? खुळा हैस." मग स्टेशन येईपर्यंत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला.

व्यवस्था होती तशीच राहिली. माझ्या पाळीच्या दिवशी परसूदादा म्हणायचा आणि मी भिंतीकडेला, घोंगडीशिवाय, टाळ धरून बसायचो. अण्णांना मी ताप गेला म्हणून सांगितलं, डॉक्टरांना आभाराचं पत्र गेलं, आणि दुप्पट मात्रेचा गुण आला असं ते पुढं कितीतरी रोग्यांना सांगत असत म्हणे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं घरोघर फवारे मारले, डास गेले, ताप गेला. चांगलंच झालं, त्यात कुचेष्टेला जागा नाही. पण ताप गेल्यावर एका वाद्याला एकच माणूस पुरायला लागला, मग पुढं कुणी म्हणायचं यावरून देवळात भांडणं लागली, आणि मंडळाची दोन मंडळं होऊन दोन्ही बंद पडली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि हसू आलं नाही.

त्याच्या बरंच आधीची, उचगावच्या त्याच वर्षीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. भाताची लावण उरकलेली, देवळात सगळे पाय पसरून बसलेले, दिवस माझ्या पाळीचा. परसूदादा म्हणत होता. गाडीनं शिटी दिली आणि माझ्या पाठीतून गार पाणी उतरलं. मी टाळ खाली ठेवला. दात वाजायला लागले, मी ते आवरायला बघत होतो आणि आवरत नव्हते. मंडळीत हशा सुरू झाला. पेटीकरी म्हणाला, "पुरं रं शिरपा, आता कुणाला फशिवतोस?" मला बोलता येत नव्हतं.

भरमाप्पानं पखवाजावरचा हात थांबवला. तो उठून माझ्यापाशी आला, वाकला आणि माझ्या तोंडाजवळ कान आणून ऐकत राहिला. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"न्हाय," तो म्हणाला, "ह्यात ताल न्हाय. खरी हाय. घोंगडी आणा."

परसूदादानं आपली घोंगडी आणून माझ्यावर टाकली, कडा चारी बाजूंनी दाबल्या, आणि परत जाऊन म्हणायला लागला.